पहिला उन्हाळा

लकडगंजच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहताना पुढच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं कानावर आलं.

“जिजामावशी, तुमचा इस्त्रीचा ठेला दिसून नाही राहिला?”

“रस्ता मोठा केला ना वं माया. माझ्या ठेल्यावरचा कडुनिंब तोडला. आता समोरच्या भिंतीपाशी उभी राहतो.”

“बदल्यात झाडं लावली म्हणे?”

“पाम लावले. त्याची सावली मांजरालेही पुरत नाही. मंग साहेबाच्या मागं लागून एका खड्ड्यात कडुनिंबाचं रोप लावून घेतलं.”

“त्याची सावली पडायले दहा वर्षं लागतीन. तोवर काय?”

“तोवर त्यालेच ऊन सोसत नाही. ठेल्याची छत्री त्याच्यावर बांधून देल्ली.”

“आन् तुम्ही उन्हात?”

“मी तं साठ उन्हाळे काढले वं. त्याचा हा पयलाच हाय.”