ताठ पाठ

कुणीतरी तुमचे कान भरलेत, एस्थरबाई. त्याशिवाय नर्स भर दुपारी दवाखाना टाकून, छत्रीसुद्धा न घेता अशी धावत येत नाही. कोण ते मी विचारत नाही — ह्या आळीत घरं कमी आणि तोंडं जास्त. बघा ना, बघा, वेणूला तपासायला माझी काय हरकत? मीच निरोप धाडणार होतो. पाठ आहे. जुनं दुखणं. सकाळी न्हाताना घसरली, बस्स. पण तो चेहरा केलाय ना तुम्ही, तो आधी पुसा. मी कमळाकर मास्तर आहे, बाई, गुत्त्यातून झुलत घरी आलेला गाडीवान नव्हे. — सांग ना गं वेणू, बाईंना सांग घसरले म्हणून. बघा! डोळे टक्क उघडे, आणि तोंडातून शब्द नाही. सकाळपासून हे असंच.

आता नीट ऐका, म्हणजे मनात काही राहायला नको. लग्न होऊन आली तेव्हापासून ही पाठ धरून बसायची. का? केस! गुडघ्याला लागतील एवढे केस, आणि न्हायला बसायची कशी, तर जमिनीला चिकटलेल्या पाटावर, उकिडवी, मान गुडघ्यांत घालून, शिकेकाई चोळत तास न् तास. कणा म्हणजे काय वेताची छडी आहे, हवी तेवढी वाकवायला? पनवेलातल्या कुठल्याही बाईला विचारा, पाठ दुखते म्हणेल, आणि बोल लावेल बाळंतपणाला. पुरुष तरी काय शहाणे? आरसा भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्यापुढे कुबड काढून दाढी करायची! तुमच्या निसीमरावांचा आरसा खिडकीच्या गजाला, डोळ्यांच्या रेषेत, कुणी टांगून दिला? मीच ना? गेली की नाही त्यांची कळ? — मग! पायाची नखं काढायची तर पाय वर घ्यावा, आपण खाली जाऊ नये. एवढं साधं आहे. पण आपल्या लोकांना साधं नको असतं. इंग्रज गेला, झेंडा बदलला, आणि आम्ही अजून उकिडवेच!

म्हणून मी चौरंग करून घेतला. तोच — तो कोपऱ्यात आडवा पडलाय तो. बैलगाड्यांची चाकं करतो ना बळीराम, त्याच्याकडून, बाभळीचा, चांगला कमरेएवढा उंच. त्यावर ताठ बसायचं, मान मागे टाकायची, पाणी दुसऱ्यानं ओतायचं. आणि ओततो कोण? मी! ह्या गावात बायकोच्या डोक्यावर पाणी ओतणारा दुसरा नवरा दाखवा मला. पण सवय वाईट, बाई. डोळ्यांत फेस गेला रे गेला की ही पुढे वाकलीच. सांगून पाहिलं. समजावून पाहिलं. पट्टीनं पाठीवर खूण करून — काय? हो, ते वळ पट्टीचेच, पण आजचे नाहीत ते. आणि मार नव्हे तो, खूण. कुठे वाकलीस ते कळावं म्हणून. त्यानंही भागेना, तेव्हा खुंटी. पूर्वी विद्यार्थी शेंडी खुंटीला बांधून अभ्यास करत की नाही? पेंग आली की हिसका! त्यांना कुणी क्रूर म्हटलं? उलट विद्वान म्हटलं. तसं मी हिच्या केसांचं टोक दोरीनं डोक्यावरच्या उंच खुंटीला बांधायचो. वाकली की खुंटीच सांगायची. मला बोलावंच लागत नसे.

ते भोक ना? तिथेच होती खुंटी. निघाली सकाळी. मातीची भिंत, जुनी. — नाही, नुसतं वाकल्यानं कशी निघेल, वजनानं निघाली. म्हणजे — घसरली ना ती, तेव्हा.

आज संध्याकाळी महिला मंडळात माझं व्याख्यान आहे. घरच्या घरी न्हाताना, वेणीफणी करताना पाठ कशी सांभाळावी, असा विषय. साऱ्या गावातल्या बायका यायच्यात. नुसतं बोलून काय होतं? दाखवायला हवं. वेणूनं व्यासपीठावर ह्याच चौरंगावर केस सोडून बसायचं, मी एकेक गोष्ट समजावून सांगायची — तिला काय पडलं होतं त्यात? सकाळी डोक्यावर पाणी ओतता ओतता मी सांगितलं आणि ही म्हणाली, नाही. नाही! लग्न झाल्यापासून ह्या तोंडातून मी 'नाही' ऐकलं नव्हतं. म्हणते, "केस सोडून मी लोकांपुढे बसायची नाही, मी काय बाजारात आणलेली म्हैस आहे?" आणि उतरायला लागली. केस बांधलेले आणि ही उतरतेय! मी म्हटलं, बस. ती म्हणे, सोडा मला. मी म्हटलं, आधी हो म्हण. ती म्हणे, सोडा. आणि दोन्ही हात मागे नेऊन गाठ ओरबाडायला लागली, वेडीवाकडी होऊन, सगळा कणा पिळवटून — जे जे शिकवलं ते सगळं मातीत! मला वाकलेलं माणूस बघवत नाही, बाई. बेचाळीस साली ह्या पाठीवर लाठ्या पडल्या, कातडं सोललं, पण मी वाकलो नाही. आणि माझ्याच न्हाणीघरात — मी फक्त पायानं चौरंग सरकवला. लाथ नव्हे. सरकवला. तिनं उभं राहावं म्हणून. उभी राहिली असती तर काही झालं नसतं. दोरी आखूड आहे, पाय जमिनीला पोचणार नाहीत, हे त्या घटकेला कुणाच्या ध्यानात येतं? एक क्षणभर ती अशी — ताठ. इतकी ताठ मी तिला कधीच पाहिली नव्हती. मग खुंटी सुटली. न्हाणीचा काठ दगडी आहे. आवाज आला — ओलं लाकूड मोडावं तसा.

पाय हलवत नाही काय, हट्ट आहे नुसता! चिमटा काढा. — काढलात? — मग जोरात काढा. — टाचणी कशाला? ...कळलंच नाही तिला? असं कसं कळत नाही? वेणू! — माझ्या अंगावर ओरडू नका, बाई. एखादी सुई टोचा, संध्याकाळपुरती उभी करा. उभी नाही तर बसती करा, बसायचंच तर आहे. मुंबईला? इस्पितळात? आणि न्यायची कशी, ह्या भर बाजारातून, चारचौघांनी उचलून, माझ्या शाळेतल्या पोरांच्या डोळ्यांदेखत? ज्या रस्त्यानं मी व्याख्यानाला जायचं, त्याच रस्त्यानं? नाही. ह्या घरातून ती बाहेर पडेल तर स्वतःच्या पायांनी, मान वर करून. तोवर इथून हलायची नाही. हे माझं घर आहे. तुमचं बघून झालं, या आता तुम्ही.

आणि आल्या आल्या आमच्या कृष्णाबाईच्या कानात काय पुटपुटलात? गरम पाणीच सांगितलंत ना? धुणीभांडी करायची बाई, एक बंब पेटवायला किती वेळ — पाणी आणायला विचुंब्याला आपल्या घरी गेली की काय? — कोण आहे? आलीस? पाणी कुठाय? आणि हे कोण तुझ्या मागे? बळीराम? जगन? पायताणं घालून आत कुठे घुसता? खांद्यावर ते काय आहे? मी काय सांगतोय — अरे, मी काय सांगतोय —

कृष्णाबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डोली आनली हाय, आत फळी टाकून, नर्सबाई," ती म्हणाली. "वैनींना वाकाय लागनार नाय."