रायफल मी त्याच्या हातात दिली

पुरवणी जबाब
कॉव्हेंट्री, दिनांक २४ एप्रिल २०२५, सकाळी १०.४०

मी, वीणा गिरीश आठल्ये, वय ६३ वर्षे, व्यवसाय निवृत्त रेडिओग्राफर, राहणार अर्ल्सडन, कॉव्हेंट्री, मूळ गाव सातारा, समक्ष हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. या देशात मी १९८९ पासून आहे. मला इंग्रजी चांगले येते आणि ७ एप्रिलचा माझा जबाब मी इंग्रजीतच दिला होता. आजचा जबाब मराठीत देत आहे, कारण माझे आणि अंबरीश रघुवीर सबनीस याचे बोलणे मराठीत झाले आणि त्यात कोण काय म्हणाले याला महत्त्व आहे. दुभाषी ऋजुताताई लिहून घेत आहेत. पोलीस कॉन्स्टेबल (पीसी) डॉसन हजर आहेत.

दिनांक १६ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी सव्वाचारच्या सुमारास माझे पती गिरीश लायब्ररीसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर होते. अंबरीश गाडी चालवत होता आणि स्क्रीनवर पत्ता बदलत होता. गिरीश सहा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. सातव्या दिवसाबद्दल मला येथे काही सांगायचे नाही.

अंबरीशचे वय ३१ आहे. तो इंग्लंडमध्येच, वॉटफर्डला जन्मला आणि वाढला. त्याने गुन्हा कबूल केला. सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टाने त्याला चौदा महिन्यांची शिक्षा सुनावली आणि ती दोन वर्षांसाठी स्थगित ठेवली. म्हणजे तो त्याच दिवशी घरी गेला. मी कोर्टाच्या पायऱ्यांवर होते. त्याची बायको शिल्पा गाडीत बसून त्याची वाट बघत होती. तिने आतून त्याच्यासाठी दार उघडले, ते मी पाहिले.

नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी तो माझ्या दारात आला. त्याला मराठी बोलता येते, पण धड येत नाही. तो म्हणाला, "काकू, चूक माझा होता. मी सॉरी बोलायला नाही आलो. सॉरी खूप छोटा आहे. मी काहीतरी काम करतो. तुमचा गवत कापू?"

मी त्याला मागच्या शेडची किल्ली दिली.

त्यानंतर तो दर दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला येत असे. गवत कापले, गटर साफ केले, कुंपणाच्या दोन फळ्या बदलल्या. मी चहा देत असे. तो बाहेर उभा राहूनच पीत असे. पीसी डॉसन विचारतात की आमचे संबंध मैत्रीचे होते का. नाही. कुठल्या दिवशी काय करायचे हे मला पहिल्या शनिवारी ठाऊक नव्हते. पण त्याला येऊ द्यायचे हे ठाऊक होते.

मी गेली एकोणीस वर्षे रायफल क्लबची सभासद आहे आणि सहा वर्षे सेक्रेटरी आहे. माझ्या परवान्यावर पॉइंट टू-टू बोअरची एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे. नवीन सभासदाचा अर्ज मीच तपासते. तीन महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्या माणसाला, ती स्थगित असली तरी, पाच वर्षे कोणतेही शस्त्र हातात घ्यायला बंदी असते. हा नियम क्लबच्या भिंतीवर लावलेला आहे. तो कागद मीच टाइप केला आहे. ज्याला बंदुकांशी काही देणेघेणे नाही त्याला हे सहसा कोणी सांगत नाही.

या ठिकाणी पीसी डॉसन यांनी मला थांबवले. यापुढे मी जे बोलेन ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते आणि वकील घ्यायचा मला हक्क आहे, हे त्यांनी सांगितले. मला समजले. वकील नको. पुढे लिहावे.

फेब्रुवारीत माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. रायफलच्या साध्या निशाण्याने मला नीट दिसेना, म्हणून स्कोप, म्हणजे नेमबाजीची दुर्बीण, लावायचे ठरवले. एवढे खरे आहे. स्कोप रायफलवर बसवायला माउंट लागते, म्हणजे खालून रायफलच्या पट्टीला आणि वरून स्कोपच्या नळीला आवळणारी कडी. ते नेमक्या उंचीचे असावे लागते. बुटके असले तर स्कोपचे तोंड बॅरलला टेकते, उंच असले तर गाल रायफलच्या दस्त्यावर ठेवून डोळा भिंगासमोर येत नाही. मला कोणते लागेल ते मोजून पाच मिनिटांत कळले होते. तरी मी तीन मागवली. एकच मागवले असते तर त्याच्या हातात रायफल दोन मिनिटे राहिली असती.

दिनांक ५ एप्रिल २०२५ रोजी, शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास मी अंबरीशला आत बोलावले. तो घरात पहिल्यांदाच आला. त्याने बूट काढले. डायनिंग टेबलावर मी रायफल, स्कोप आणि तिन्ही माउंट मांडून ठेवली होती. रायफल रिकामी होती, गोळ्या वर कुलपात होत्या. मी म्हटले, "माझा डोळा अजून पक्का नाही. तू खांद्याला लावून बघ आणि कुठले बरे वाटते ते सांग."

तो लगेच पुढे आला नाही. त्याने विचारले, "काकू, मी हे हातात घेतला तर चालतो ना? माझा केस आहे म्हणून विचारतो."

मी म्हटले, "चालतं. माझ्या घरात माझ्यासमोर चालतं."

आणि रायफल मी उचलून त्याच्या हातात दिली.

७ एप्रिलच्या जबाबात मी असे सांगितले होते की मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले, परत आले तेव्हा तो टेबलावरची रायफल खांद्याला लावून उभा होता, आणि पुरावा म्हणून मी फोटो काढला. ते खोटे आहे. त्या दिवशी मी चहा केलाच नाही. फोटो मी "क्लबमध्ये दाखवते" म्हणून काढला आणि तो नीट उभा राहिला.

आम्ही तीनही माउंट लावून पाहिली. साधारण चाळीस मिनिटे लागली. तो घाई करत नव्हता. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे असतात, हे त्याला एकदाच सांगावे लागले. दुसरे माउंट लावल्यावर तो म्हणाला, "पुढचा रिंग थोडा वाकडा आहे, काकू. बघा, लाइन सरळ नाही दिसत." बघितले तर खरेच वाकडे होते. हे काम पूर्वी गिरीश करायचे. स्क्रू आवळताना दुसऱ्या बाजूने धरायला माणूस लागतो. शेवटी अंबरीशने जे निवडले तेच बरोबर होते. ते अजून रायफलवर आहे आणि रायफल आता आपल्या ताब्यात आहे.

जाताना तो दारात थांबला. म्हणाला, "थँक यू, आत बोलावला म्हणून." शिल्पाला जूनमध्ये बाळ होणार आहे, हेही त्याने तेव्हाच सांगितले. मी अभिनंदन केले. मग दार लावले आणि फोटो नीट आला आहे का ते पाहिले.

हे मी रागाच्या भरात केले नाही. पाच महिने विचार करून केले. त्याची स्थगित शिक्षा आता चालू व्हावी, त्याने ते चौदा महिने आत काढावेत आणि त्याचे मूल त्याच्याशिवाय जन्मावे, असे मला वाटत होते. दुसरे काही वाटत नव्हते.

परवा, २२ एप्रिल रोजी पीसी डॉसन यांचा फोन आला. अंबरीशला ताब्यात घेतल्यावर माझा जबाब त्याला वाचून दाखवला, असे त्यांनी सांगितले. त्याने सगळे कबूल केले. मी स्वयंपाकघरात होते, रायफल त्याने स्वतःहून उचलली, मला काही माहीत नव्हते, असे तो म्हणाला. वकिलाने दोनदा विचारले तरी तो तेच म्हणाला. "तेव्हा मिसेस आठल्ये, तुम्ही अजिबात काळजी करू नका," असे पीसी डॉसन मला म्हणाल्या.

त्या रात्री मला जेवण गेले नाही. त्याने आरडाओरडा करावा, मला खोटारडी म्हणावे, वीणाकाकूंनीच दिली असे सांगावे आणि कोणी त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हे मला हवे होते. मी रचलेले खोटे त्याने स्वतःचे म्हणून घेतले. शिक्षा मी द्यायची होती. त्याने ती गवत कापण्यासारखे आणखी एक काम म्हणून घेतली. आता तो आत गेला तर माझ्यावर उपकार करून जाईल, आणि बाहेर येईल तेव्हा माझे काही देणे लागणार नाही. हे मला मान्य नाही. त्या माणसाचा उपकार घेऊन मी त्या घरात राहणार नाही.

म्हणून आज मी कोणीही न बोलावता आले. बंदी असलेल्या माणसाच्या हातात शस्त्र देणे हा माझा पहिला गुन्हा आहे, ते त्याला बंदी आहे हे जाणून दिले, आणि पोलिसांना खोटा जबाब दिला हा दुसरा. दोन्ही मला मान्य आहेत. परवाना आणि शस्त्रांच्या कपाटाच्या किल्ल्या मी सोबत आणल्या आहेत. क्लबला राजीनामा सकाळी पाठवला. अंबरीशचे प्रकरण १५ मे रोजी कोर्टापुढे आहे असे कळले. त्याआधी हा जबाब त्याच्या वकिलाला मिळावा.

पीसी डॉसन विचारतात की अंबरीशला काही निरोप द्यायचा आहे का. होय. त्याने मला विचारले होते आणि मी हो म्हटले होते, हे त्याने कोर्टात स्वतःच्या तोंडाने सांगावे. पुन्हा माझ्या घरी येऊ नये. मी त्याला माफ केलेले नाही, हे त्याला त्याच्या भाषेत, इंग्रजीत, नीट समजावून सांगावे.

हा जबाब ऋजुताताईंनी मला सुरुवातीपासून मराठीत वाचून दाखवला. वाचताना शेवटच्या पानावर "पश्चात्ताप झाल्याने मी आज हजर झाले" असे एक वाक्य आले. तो शब्द मी उच्चारला नव्हता. ते वाक्य माझ्यासमोर खोडून घेतले आणि खोडल्या जागी मी सही केली आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

वीणा गिरीश आठल्ये