पोटदुखी आणि ओवा

शहापूरच्या दवाखान्यात माझ्या बाकावर एक बाई आणि तिची शिकलेली पुतणी बसली होती. बाईचा नवरा आत मशीनवर श्वास घेत होता.

"काकी, सकाळी काय झालं काकांना?"

"पोटात दुखतंय बोलले. मी ओवा दिला. मग डोळे मिटाया लागले. मला वाटलं झोप येते, निजू दिलं."

"अंगावर कुठे दातांच्या खुणा दिसल्या नाहीत?"

"कुठंच नाय गो. डॉक्टर बोलला, साप चावला, मण्यार."

"तिच्या दातांच्या खुणा दिसत नाहीत, काकी. पोट दुखतं, पापण्या जड होतात. लगेच दवाखाना गाठायचा असतो."

"तुला कसं ठाव?"

"मीच लेख लिहिलाय त्यावर. विज्ञानाचा ब्लॉग आहे, लोक मोबाइलवर वाचतात. गणपतीत लिहिला."

"वाचला कोणी?"

"पुष्कळांनी. पुण्याचे, नागपूरचे. म्हणाले, कोणालाही कळेल इतका सोपा आहे."

"गणपतीत तर तू आमच्या ओटीवरच व्हतीस."

"हो. तिथेच बसून लिहिला."

"मी बाजूला तांदूळ निवडत व्हते. तुला इचारलं, काय लिवतेस गो एवढं?"

"काकी..."

"तू बोललीस, तुला नाय समजायचं."