माठ

भुसावळ स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत कौतिकच्या पुढेच चुडामणभाऊ बायकोसह उभे होते. बूट घातलेल्या गोऱ्या साहेबांविरुद्ध अनवाणी फुटबॉल खेळलेले भाऊ आता लोकोशेडच्या पोरांना शिकवायचे. कौतिकने कान टवकारले.

“गुडघा गेला, खेळ सुटला, मला वाटलं सुटले एकदाची. तर काल रेषेबाहेरून पोरांच्या पाण्याच्या माठालाच लाथ!”

“हळू बोल. चेंडू समोर होता गं, पोरगं मारेचना. आपसूक पाय उडाला.”

“मग?”

“मग काय, सारं मैदान हसलं. बस झालं आता. धुळ्याला भावाकडे शेती बघू.”

“बठ्ठं, सगळंच ठरवून आलात म्हणा.”

“हो. पण माठाचं तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? पाण्याच्या टाकीमागून दर मॅच बघते मी.”

“तू? मग सांग, काल गोल कोणी मारला?”

“मला काय ठाऊक! मी तुमचा पाय बघत असते. तो उडाला की टाळी वाजवते.”

तेवढ्यात खिडकी आली.

“कुठलं तिकीट?” आतून बाबूने विचारलं.

भाऊ बाजूला सरले आणि कौतिकला म्हणाले, “तू घे रे. आम्हाला बाजारात जायचंय, माठ घ्यायला.”

“मातीचाच घ्या,” बाई म्हणाल्या. “पितळी घागरीवर पाय मोडेल.”