बोटांच्या फटी

सन १९८४. सुजलेला गाल धरून मी दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. समोर एक आई होती. तिची मुलगी मांडीवर शाळेचं पोस्टर घेऊन रंगवत होती आणि धाकटा बंड्या बाकाखाली खेळत होता.

“‘डोळे सांभाळा’ लिहिलंस, आणि स्वतः कागदाला नाक टेकवून बसलीस!”

“हो गं आई.”

“आणि ह्या मुलाने डोळा झाकलाय ना? मग बोटांत एवढ्या फटी कशाला?”

“बंड्याला समोर बसवून काढलंय. बोटं मिटतच नाही. लबाड आहे मेला.”

“नेहमीच?”

“डावा डोळा झाकला की गप्प बसतो. उजवा झाकला की फटीतून बघतो. चिमटे काढले, तरी तेच.”

“बंड्या, इकडे ये राजा. आता मी झाकते हं उजवा. समोरच्या मावशी काय करताहेत, सांग बघू.”

मी जीभ काढून दाखवली.

“कुठल्या मावशी?”

“समोर रे. नीट बघ.”

“हात काढ ना आई. सगळं पुसलंय.”

“ऊठ गं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. आत्ता.”

“पण आई, माझा दात दाखवायचाय ना?”

“दात राहू दे!”

“आई, मी चिमटे काढले गं त्याला.”

पुढे ती बाई माझी शेजारीण झाली. अधू डावा डोळा कामाला लागावा म्हणून बंड्याने कितीतरी वर्षं चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून काढली. आज तो घड्याळं दुरुस्त करतो. बहीण चित्रकला शिकवते. त्यांची आई मागच्या वर्षी गेली. बंड्या दारात आला की शेवटपर्यंत ती आधी त्याचा उजवा डोळा तळव्याने झाकायची आणि विचारायची, “सांग, मी हसतेय की रडतेय?”