इनासमामांच्या शिडाचा दोर

मोनिकामामी, जोसेफ, फादर, आणि बंदरावरच्या माझ्या माणसांनो,

सभागृह भरलंय, काहीजण बाहेर पायरीवर उभे आहात. इनासमामा असते तर म्हणाले असते, "एवढी मानसं? जेवन हाय काय?" मला मात्र बोलणं कठीण जातंय. वार्ताहर म्हणून मी अशा कितीतरी शोकसभांना गेलो. मागच्या खुर्चीत बसायचो, कोणाचं भाषण लांबलं ते टिपायचो. आज माईक माझ्या हातात आहे, आणि मी तो दोन्ही हातांनी धरलाय. हा शोक नाही. ही भीती आहे. मला पुरतं बोलू द्या. मध्ये थांबलो, तर पुन्हा सुरू करण्याचं धाडस होणार नाही.

मामांची नि माझी ओळख शब्दांमुळे झाली. रविवारच्या पुरवणीसाठी मी वाऱ्याचे वाक्प्रचार गोळा करत होतो. वाऱ्यावर सोडणं, वारा पिणं, वारा पाहून पाठ फिरवणं. ज्ञान पाजळायची सवय, म्हणून मामांना संस्कृतातली नावंही ऐकवली. पवन, अनिल, समीर, मरुत, प्रभंजन. मामा जाळं शिवत होते. वर न बघता म्हणाले, "गुरुजी, एवढी नावं पाठ. त्याला कदी भेटले काय?"

नव्हतो भेटलो. म्हणून आठ दिवसांपूर्वी, त्या सकाळी, ते मला घेऊन निघाले. सगळ्या बंदरात शिडावर चालणारी तेवढी एकच होडी उरलेली. मामी, तुम्ही दारातून ओरडलात, "यानं उलटी केली तर होडी तुमीच धुवा!" आठवतं ना?

खाडीच्या तोंडाशी शीड फुगलं. मामा मागे सुकाणूवर बसले आणि शिडाचा दोर त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, "ह्यो हातातच ठेवायचा. बांधायचा नाय. झोत आला की सोडायचा. बांधलेलं शीड होडीला घेऊन आडवं होतं." मी मान डोलावली. हुशार माणसं डोलावतात तशी.

मग मामा बोलायला लागले. कुठला वारा पोटात जोर धरून येतो, कुठला नुसता तोंडाळ, पाण्याचा रंग कुठे काळवंडला की सावध व्हायचं. एकेक शब्द असा, की कुठल्याच कोशात नाही. माझा जीव वहीसाठी तुटू लागला. पण लिहायला दोन्ही हात लागतात.

मी दोर खुंटीला बांधला.

हो. मी बांधला. मामा समुद्राकडे बघत होते. मी गुडघा आडवा धरून गाठ झाकली, आणि लिहीत बसलो.

झोत आला तेव्हा मी पान उलटत होतो. मामा ओरडले, "सोडा! दोर सोडा!" मी गाठीला भिडलो. भिजून ती दगडासारखी झाली होती. नखं तुटली, गाठ हलेना. होडी कलत गेली, आणि एवढी नावं पाठ असलेल्या माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. मामांनी खुंटी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत हो. सुकाणू सोडून गाठीकडे धावले, आणि तेवढ्यात आम्ही पाण्यात. होडीतला रिकामा डबा त्यांनीच माझ्याकडे ढकलला. "धरा, गुरुजी." एवढंच. पुन्हा ते मला दिसले नाहीत.

लोकांनी होडी ओढून आणली. दोर खुंटीलाच होता. बंदरावर म्हणाले, म्हातारा चुकला, वय झालं, दोर बांधून बसला. जोसेफ, तू मला विचारलंस, "काका, बाबा असा कसा चुकला?" मी म्हणालो, काही कळलंच नाही. आणि घरी जाऊन बातमी लिहिली. तुम्ही सगळ्यांनी वाचली ती. "वृद्ध नाविकाचा अंदाज चुकला." ते शब्द माझे.

आठ दिवस मला झोप नाही. पंखा लावला तरी दचकतो. खरं सांगू? मला समुद्राची भीती नाही वाटत आता. मामी, तुमच्या नजरेची वाटते. तुम्ही अजून माझ्याकडे बघितलेलं नाही, आणि तुम्ही बघाल, याची वाटते.

तरी सांगतो. इनासमामा चुकले नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांनी शिडाचा दोर कधी बांधला नाही, त्याही दिवशी नाही. चूक माझी, आणि नंतरचं खोटंही माझं. खरी बातमी माझ्या नावानं लिहून दिली आहे, उद्या छापून येईल. पण पेपराआधी ती तुमच्या कानावर पडायला हवी होती, मामी.

आता सगळे उभे राहूया. थोडा वेळ गप्प राहूया, ज्यांचा अंदाज चुकला नव्हता त्या नाविकासाठी. मामा, माझा तुम्हाला नमस्कार. शांतता संपल्यावर मी इथेच, या माईकपाशी उभा असेन. ज्याला जे बोलायचं असेल, त्यानं मला बोलावं.