वरच्या मजल्यावरची गिलकी

खरं सांगू, माझी आई अंगणातल्या भिंतीवर गिलकीचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल चढवायची. भिंतीपलीकडे लटकलेली गिलकी शेजारच्या काकूंची, हे ठरलेलंच होतं. काकू भाजीची वाटी पाठवायच्या आणि आई तीच वाटी मिरच्या घालून परत करायची. ते दिवसच वेगळे होते.

आता विजय नगरच्या फ्लॅटमध्ये मी तसाच वेल कुंडीत लावला. पोरगी उठल्याबरोबर आधी त्याच्याशी गप्पा मारते. तो थेट वरच्या भाभीजींच्या जाळीत शिरला. एक दिवस भाभीजी स्वतःच आमच्या दारात उभ्या.

"ये बेल आपकी है?"

"जी. आजच काटून टाकते," मी घाबरून मराठीतच बोलले. पोरगी रडायलाच लागली.

"अरे, काटना मत," त्या म्हणाल्या. "बस पानी टेम से दिया करो. ऊपर गिलकी कडवी आ रही है."